उड्डाण घेताच इंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे परत वळावे का?

प्रश्न
सहा वर्षे खपून घरी बांधलेले माझे दोन आसनांचे, वर पंख असलेले विमान पूर्ण झाले असून पहिल्या उड्डाणाची तयारी चालू आहे. जमिनीवर इंजिन एकूण पाच तास चालवले आणि ते एकदाही अडखळले नाही. तरीही सुमारे 100 मीटर उंचीवर ते बंद पडले तर काय करावे, हा विचार मनातून जात नाही. वळून त्याच धावपट्टीवर येण्यासाठी किती उंची पुरेशी धरावी? पुढे मोकळी शेते आहेत, पण त्यांतली काही नांगरलेली असतात.

पहिले उत्तर
100 मीटरवर वळण्याचा विचारही करू नका. नाक लगेच खाली घाला आणि समोरच, थोडे डावे-उजवे होऊन, जागा निवडा. परतीचे वळण 180 अंशांत संपत नाही, कारण तेवढे वळल्यावर विमान धावपट्टीला समांतर पण बाजूला असते. आणखी वळून तिच्या रेषेत यावे लागते आणि मग पुन्हा उलटे वळून सरळ व्हावे लागते. 45 अंश कललेल्या विमानाच्या पंखांवर 1.41 पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग, सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सरळ उड्डाणात ताशी 75 किलोमीटरला स्टॉल होणारे विमान तेव्हा 89 लाच स्टॉल होते. जमीन जवळ येताना पाहून नाक वर ओढण्याचा मोह होतो, आणि त्यातूनच स्पिन (गिरक्या घेत कोसळणे) सुरू होतो. त्या उंचीवर तो सावरता येत नाही.

तुमच्या विमानाचा आकडा तुम्हालाच मोजावा लागेल. सुरुवातीची उड्डाणे सुरळीत झाल्यावर, भरपूर उंचीवर पूर्ण शक्तीने चढत असताना थ्रॉटल बंद करा, दचकण्यासाठी लागणारे चार-पाच सेकंद मुद्दाम जाऊ द्या, मग नाक खाली घालून पूर्ण वळण घ्या आणि किती उंची गेली ते लिहून ठेवा. त्यात निम्म्याची भर घाला, कारण मंद गतीने चालणाऱ्या इंजिनापेक्षा बंद इंजिनावर वाऱ्याने फिरत राहिलेला पंखा विमानाला अधिक अडवतो.

दुसरे उत्तर
वळणाइतकीच चिंता इंजिन बंद का पडेल याची करावी, असे मला वाटते. हौशी बांधणीच्या विमानांविषयी अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंजिनाचा बिघाड आणि उड्डाणात नियंत्रण सुटणे हीच अपघातांची सर्वांत मोठी कारणे आढळली. इंजिन चांगले असूनही आपण जोडलेली इंधनव्यवस्था दगा देऊ शकते. तुमचे पाच तास विमान जमिनीवर ज्या स्थितीत उभे होते त्याच स्थितीतले आहेत. चढताना नाक वर गेले की टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या उंचीतला फरक बदलतो. विमान चढाईच्या कोनात टेकवून, टाकीत अगदी थोडे इंधन ठेवून, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडा आणि प्रवाह मोजा. केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेत तो इंजिनाच्या कमाल गरजेच्या 150 टक्के हवा, पंप असल्यास 125 टक्के.

प्रश्नकर्ता
आज मोजले. माझ्या विमानात पंप नाही. इंजिनाला ताशी 27 लिटर लागतात, म्हणजे 40.5 लिटर मिळायला हवे होते; सपाट स्थितीत 43 मिळाले, चढाईच्या कोनात मात्र 29. गाळणीपुढचा काटकोनी सांधा मीच अरुंद बसवला होता. तो बदलून पुन्हा मोजेपर्यंत उड्डाण पुढे ढकलले आहे.

पहिले उत्तर देणारे
फार बरे झाले. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्रही तपासा. आणि नांगरलेल्या शेताला फार भिऊ नका, मात्र नांगराने पाडलेल्या तासांच्या (सऱ्यांच्या) दिशेनेच उतरा. ताशी 80 किलोमीटर वेगाने टेकलेले विमान 9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) मंदनाने तीन मीटरांच्या आत थांबते, 160 ने टेकल्यास सुमारे अकरा मीटर लागतात. म्हणून वारा समोर घेऊन, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण सोडून, पण ताबा न सोडता, शक्य तितक्या कमी वेगाने टेका. टेकण्यापूर्वी इंधनाचा कॉक आणि विजेचा मास्टर स्विच बंद करा आणि दार उघडे ठेवा, कारण चौकट वाकली की ते अडकते.