कार्बन फायबरचा शाफ्ट घ्यावा की मेपलचाच ठेवावा?

तिसरापॉकेट यांचा प्रश्न

नमस्कार. मी बरीच वर्षे पूल (टेबलावरचे चेंडू काठीने पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ) खेळतो आहे, मुख्यतः त्यातला नाइन-बॉल हा प्रकार, आणि आजवर एकाच क्यूने, म्हणजे काठीने, खेळत आलो आहे. त्याचा शाफ्ट (पुढचा भाग) साध्या अखंड मेपल लाकडाचा असून टिपेचा (टोकावरच्या चामड्याच्या गादीचा) व्यास १३ मिलिमीटर आहे. हा शाफ्ट आता काळवंडला आहे, टोकाजवळ दोन पोचे पडले आहेत आणि जोडलेला क्यू टेबलावर लोळवून पाहिला तर तो किंचित डुगडुगतो. बट (क्यूचा मागचा भाग) मात्र उत्तम स्थितीत आहे, म्हणून फक्त शाफ्ट बदलावा असा विचार आहे.

माझ्याबरोबर खेळणाऱ्या बहुतेकांनी कार्बन फायबरचे शाफ्ट घेतले आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार साइड देऊन, म्हणजे मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, मारले तरी पांढरा चेंडू सरळ जातो, फिरकी जास्त मिळते आणि देखभाल काहीच करावी लागत नाही. जुने खेळाडू मात्र लाकडाचा हाताला लागणारा अंदाज कार्बनला येत नाही असे ठामपणे सांगतात. यातले नेमके काय खरे आहे आणि जो फरक जाणवतो तो कार्बनमुळे आहे की शाफ्टच्या घडणीमुळे, हे मला खरेदीपूर्वी समजून घ्यायचे आहे. कार्बनच्या शाफ्टची किंमत साध्या मेपलच्या कित्येक पट असल्यामुळे केवळ इतरांनी घेतला म्हणून मला तो घ्यायचा नाही.

यंत्रवेध यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे. तुलना दोन प्रकारांची नसून तीन प्रकारांची आहे: साधा अखंड मेपल, कमी डिफ्लेक्शनसाठी, म्हणजे साइड दिल्यावर पांढऱ्या चेंडूचे रेषेपासून विचलन कमी व्हावे म्हणून, मुद्दाम घडवलेला लाकडी शाफ्ट आणि कार्बनचा शाफ्ट. तुमच्या सोबत्यांपैकी बहुतेकांनी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी घेतली असावी, आणि त्यामुळे मधल्या प्रकाराचे श्रेयही ते कार्बनलाच देत असावेत.

पांढऱ्या चेंडूला मध्याच्या उजवीकडे मारले की तो क्यूच्या रेषेत न जाता थोडा डावीकडे निघतो. असे का होते, ते पाहू. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श साधारण एक सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत चेंडू फिरू लागतो आणि टिपेला आपल्याबरोबर बाजूला ढकलतो. टोकाचे वस्तुमान जितके जास्त, तितका ते बाजूला सरकायला विरोध करते आणि तितक्याच जोराने चेंडूला उलट दिशेला लोटते. इतक्या थोड्या वेळात हा आडवा धक्का शाफ्टच्या टोकापासून मागे पंधरावीस सेंटिमीटरांपलीकडे फारसा पोहोचतच नाही. म्हणून बट किती जड आहे किंवा शाफ्ट मधोमध किती ताठ आहे, याचा या विचलनाशी संबंध अगदी थोडा असतो. टोकाकडचा तेवढा भाग किती हलका आहे, यावरच बहुतांश गोष्ट ठरते. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले डेव्ह अल्सियाटोरी यांनी अतिवेगवान चित्रीकरण आणि गणित या दोन्हींच्या आधारे याविषयी विस्ताराने लिहिले आहे.

हे एकदा लक्षात आले की साहित्याचा प्रश्न दुय्यम ठरतो. लाकूड वापरूनही टोक हलके करता येते. त्यासाठी व्यास कमी केला जातो, समोरून काही सेंटिमीटर पोकळ छिद्र पाडले जाते आणि फेरूल (टिपेखालची टोपी) आखूड व हलके बसवले जाते. प्रेडेटर कंपनीने १९९० च्या दशकात ३१४ हा शाफ्ट बाजारात आणला तो याच मार्गाने, अरुंद पट्ट्या गोलाकार चिकटवून आणि टोक पोकळ ठेवून. याच कंपनीचा रेव्हो हा कार्बनचा शाफ्ट २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर इतरांनीही कार्बनचे शाफ्ट काढले. कार्बनची नळी मुळातच पोकळ आणि पातळ भिंतीची असते, त्यामुळे टोक हलके ठेवूनही ती मजबूत राहते. परंतु चांगला कमी डिफ्लेक्शनचा लाकडी शाफ्ट आणि कार्बनचा शाफ्ट शेजारी ठेवले तर विचलनातला फरक फार मोठा नसतो, आणि १२.९ मिलिमीटरच्या एखाद्या कार्बन शाफ्टपेक्षा ११.८ मिलिमीटरचा पोकळ टोकाचा लाकडी शाफ्ट सरळ मारणारा निघू शकतो.

विचलनाचे महत्त्व आकड्यांत पाहा. ते २ अंश असेल तर एक मीटर अंतरावर पांढरा चेंडू सुमारे ३५ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर आहे, म्हणजे ही चूक अर्ध्या चेंडूहून मोठी झाली. हाच कोन अर्ध्या अंशाने कमी झाला तर जवळपास ९ मिलिमीटर वाचतात. लांबच्या कट शॉटमध्ये (तिरक्या माऱ्यात) चेंडू पॉट होणे आणि पॉकेटच्या जबड्यात अडकणे यांतला फरक त्याहून कमी असतो.

फिरकीबद्दलचा दावा मात्र मला मान्य नाही. फिरकी आणि वेग यांचे प्रमाण टिप मध्यापासून किती दूर लागली यावर ठरते. मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्यापलीकडे, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटरपलीकडे, टिप घसरते आणि मिसक्यू होतो. ही मर्यादा टिप, तिला लावायचा चॉक (खडू) आणि चेंडू यांच्यातल्या घर्षणाची आहे, शाफ्टच्या साहित्याची नाही. विचलन कमी झाल्यामुळे खेळाडू मध्यापासून आणखी दूर मारायला धजावतो, हे खरे आहे. जास्तीची फिरकी तिथून येते.

कातारी यांचे उत्तर

मी क्यू दुरुस्त करतो, म्हणून देखभालीबद्दल लिहितो. कार्बनला देखभाल लागत नाही हे अर्धेच खरे आहे.

आधी तुमच्या शाफ्टविषयी. पोचे पडले म्हणजे लाकडाचे तंतू दबले आहेत, तुटलेले नाहीत. त्या जागी ओल्या कापडाचा लहानसा तुकडा काही वेळ ठेवला तर तंतू पाणी शोषून पुन्हा फुगतात. पूर्ण वाळल्यावर तो भाग गुळगुळीत काचेने किंवा चामड्याने घोटला की बोटाला पोचा सहसा जाणवत नाही. काळवंडलेपण ओलसर मऊ कापडाने बरेच निघते. सँडपेपर मात्र वापरू नका. प्रत्येक वेळी लाकूड उतरते आणि काही वर्षांत १३ मिलिमीटरचा शाफ्ट आपोआप बारीक होतो. डुगडुगणे कुठून येते ते पाहण्यासाठी शाफ्ट आणि बट सुटे करून वेगवेगळे लोळवा. दोन्ही सरळ लोळत असतील तर दोष जॉइंटमध्ये (दोन्ही भागांच्या जोडात) आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे. शाफ्टच वाकला असेल तर ओलावा आणि उष्णता यांच्या चढउतारांनी लाकडाला बाक आला आहे. तो काढून देण्याचे आश्वासन कोणी दिले तरी फार विश्वास ठेवू नये, कारण असा बाक पुन्हा येतो.

कार्बनला हवेतल्या ओलाव्याची बाधा नाही, तो वाकत नाही, आणि चॉकचा डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने सहज निघतो. दररोज खेळणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु टेबलाच्या कडेवर किंवा फरशीवर जोरात आपटून त्याला चीर गेली अथवा थर सुटले तर तो दुरुस्त करता येत नाही. लाकडावरचा पोचा दिसतो आणि भरून येतो, कार्बनवरचा घाव मात्र एकदा पडला की कायमचा. टिप बदलतानाही विशेष काळजी लागते. टिपेची बाजू छाटताना पाते शाफ्टला लागले तर लाकडावरचा ओरखडा घोटून टाकता येतो, कार्बनवरचा राहतो. त्यामुळे चिकटपट्टीने टोक झाकूनच काम करावे लागते, आणि कार्बनचे काम करणाऱ्याकडेच टिप बदलून घ्यावी. घरी कार्बन घासण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्याची बारीक धूळ श्वासातून आत जाणे अपायकारक असते. उन्हात बंद गाडीमध्ये क्यू ठेवण्याची सवय दोन्ही प्रकारांना वाईट. लाकूड वाकते, आणि कार्बनमध्ये जॉइंटचा व टोकाचा गोंद ढिला पडू शकतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी बटचा पिन (शाफ्ट जोडणारा स्क्रू) नक्की कोणता आहे ते तपासा. ३/८ × १०, ५/१६ × १४, ५/१६ × १८, रेडियल, युनि-लॉक हे सारे वेगवेगळे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. जॉइंटजवळचा व्यास जुळला नाही तर बोटाला कंगोरा लागतो. जुन्या शाफ्टचे वजनही करून ठेवा, कारण नवा शाफ्ट काही ग्रॅमनी हलका असला तरी तोल मागे सरकतो आणि बट एकाएकी जड वाटू लागते.

तिसरापॉकेट

दोघांचेही मनापासून आभार. शाफ्ट आणि बट वेगवेगळे लोळवून पाहिले, बाक शाफ्टमध्येच आहे. त्यामुळे शाफ्ट बदलणे आता नक्की झाले. आणखी एक शंका आहे. इतकी वर्षे माझी नजर जुन्या शाफ्टच्या विचलनाला सरावली आहे. कमी विचलनाचा शाफ्ट घेतला तर हा सराव वाया जाईल का? आणि स्पर्धांच्या नियमांत कार्बनला काही हरकत आहे का?

रात्रपाळी यांचे उत्तर

नियमांची चिंता नको. वर्ल्ड पूल असोसिएशनच्या साहित्यविषयक निकषांत क्यूची किमान लांबी (१०१६ मिलिमीटर), कमाल वजन (७०८.७५ ग्रॅम) आणि टिपेची कमाल रुंदी (१४ मिलिमीटर) ठरवलेली आहे. शाफ्ट लाकडाचाच असावा अशी अट नाही. एफ्रेन रेयेस यांनी १९९९ चे नाइन-बॉल विश्वविजेतेपद लाकडी शाफ्टने जिंकले आणि शेन व्हॅन बोनिंग यांनी २०२२ चे कार्बनच्या.

सरावाचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि खरेदी करताना त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. साध्या मेपलने खेळणारा खेळाडू उजवी साइड देताना नकळत थोडे उजवीकडे नेम धरतो, कारण चेंडू डावीकडे सरकणार हे त्याच्या हाताला ठाऊक असते. नवा शाफ्ट चेंडूला तितका सरकवत नाही, त्यामुळे तोच नेम धरला की पांढरा चेंडू अपेक्षेपेक्षा उजवीकडे लागतो. साइड नसलेले शॉट पहिल्या दिवसापासून नेहमीसारखेच जातात आणि साइडचे शॉट एकाच बाजूला चुकत राहतात. हे लक्षण दिसले की शाफ्टला दोष न देता नेम हळूहळू सरळ रेषेकडे आणावा. काही आठवडे सामन्यांमध्ये त्रास होईल, हे गृहीत धरूनच बदल करावा.

याहून नाजूक बाब हळू मारलेल्या शॉटची आहे. टेबलाच्या उंच कडेमुळे (रेलमुळे) क्यू नेहमीच मागून किंचित उचललेला असतो, त्यामुळे साइड दिलेला चेंडू निघताना एका बाजूला सरकतो आणि पुढे जाताना कापडाच्या घर्षणाने फिरकीच्या बाजूला वळतो. जुन्या शाफ्टमध्ये हे दोन परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. नव्या शाफ्टमध्ये सरकणे कमी झाले तरी वळणे तेवढेच राहते. म्हणून जोरात मारलेला शॉट सरळ जातो, आणि त्याच साइडचा हळुवार, लांबचा शॉट फिरकीच्या बाजूला वाहवतो. कार्बन घेतल्यावर सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला अडचणीत टाकणारे) आणि मऊ पोझिशनचे (पांढरा चेंडू पुढच्या शॉटसाठी हव्या जागी नेणारे) शॉट बिघडले अशी तक्रार करणाऱ्यांचे बहुधा हेच झालेले असते. क्यू शक्य तितका आडवा ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. तुम्ही नेम धरून झाल्यावर मागचा हात वळवून साइड देत असाल तर आणखी एक सूचना: कमी विचलनाच्या शाफ्टला त्यासाठी ब्रिजचे (क्यूला आधार देणाऱ्या पुढच्या हाताचे) चेंडूपासूनचे अंतर जास्त लागते, जुन्या अंतरावर तो हिशेब जुळत नाही.

सरळरेषा यांचे उत्तर

वरच्या साऱ्या भौतिकशास्त्राशी मी सहमत आहे, पण स्पर्श हा केवळ भावनेचा विषय आहे असा समज होऊ नये म्हणून लिहितो. मारताना चेंडू कुठे लागला, किती जोरात लागला, याची खबर शाफ्टच्या कंपनातून आणि आवाजातून हाताला व कानाला मिळते, आणि पुढचा शॉट आपण त्या खबरीवर सुधारतो. लाकूड ही खबर एका प्रकारे देते, पोकळ कार्बन दुसऱ्या प्रकारे. काही कार्बन शाफ्टमध्ये आत फोम भरून आवाज मंद केलेला असतो, तरीही तो लाकडाचा आवाज नसतो. मी दोन्ही वापरून पाहिले आणि लाकडी, कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टवर स्थिरावलो, कारण हळुवार शॉटचा अंदाज मला त्यात अधिक नेमका येतो. ब्रेकसाठी (डावाच्या सुरुवातीच्या जोरदार शॉटसाठी) मात्र मी कार्बनच वापरतो. तिथे नाजूक अंदाजापेक्षा ताठपणा आणि टिकाऊपणा महत्त्वाचा असतो.

कार्बनच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लाकडाचा प्रत्येक तुकडा निराळा असल्यामुळे एकाच नमुन्याचे दोन लाकडी शाफ्ट कधी तंतोतंत सारखे खेळत नाहीत. कार्बनचा शाफ्ट हरवला किंवा मोडला तर त्याच नमुन्याचा दुसरा जवळजवळ तसाच मिळतो. लाकडी घेणार असाल तर नेमका तोच शाफ्ट हातात घेऊन मारून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

यंत्रवेध यांचे उत्तर

सरळरेषा यांच्या मुद्द्याला जोडून एवढेच सांगतो की त्या खबरीत टिपेचा वाटा फार मोठा असतो. जुन्या मेपलवर कडक झालेली टिप आणि नव्या कार्बनवर मऊ थरांची टिप लावून केलेली तुलना ही बहुतांशी दोन टिपांचीच तुलना होते. शक्य असेल तर दोन्ही शाफ्टवर एकाच प्रकारची, सारख्याच गोलाईची टिप असताना चाचणी घ्या.

चाचणी अशी करता येईल. एक चेंडू पांढऱ्या चेंडूपासून साधारण एक मीटर अंतरावर सरळ रेषेत ठेवा. क्यू आडवा ठेवून, पूर्ण चेंडूवर नेम धरून, क्यू समांतर उजवीकडे सरकवून साइड द्या आणि जोरात मारा, म्हणजे वळण्याचा परिणाम कमीत कमी राहील. समोरचा चेंडू कोणत्या दिशेला किती गेला ते पाहा आणि हेच डाव्या साइडने करा, कारण आपला हात एका बाजूला ओढत असेल तर एकाच बाजूच्या चाचणीत तो दोष शाफ्टच्या नावावर जातो. उधार मिळालेल्या कार्बन शाफ्टबरोबर एखादा कमी डिफ्लेक्शनचा लाकडी शाफ्टही याच चाचणीतून जाऊ द्या. दोघांच्या विचलनात तुम्हाला फरक सापडला नाही, तर कार्बनसाठीचे जास्तीचे पैसे तुम्ही न वाकण्यासाठी आणि स्वच्छतेच्या सोयीसाठी देणार आहात, आणि ते द्यायचे की नाहीत हे ठरवणे सोपे जाईल. अखंड लाकडाचा शाफ्ट तपासत असाल तर तो हातात पाव फेरी फिरवून पुन्हा मारा. लाकडाच्या रेषांची दिशा बदलली की अशा शाफ्टचे विचलनही थोडे बदलते, आणि पट्ट्या गोलाकार चिकटवण्यामागे हा फरक घालवण्याचाच हेतू होता.