जपानमध्ये फेब्रुवारीत नागोया ते शिराकावा-गो, भाड्याच्या गाडीने

प्रश्न (म्हापसा): नागोयातला मित्र आम्हा चौघांना ताकायामा, शिराकावा-गो दाखवणार आहे. गाडी आळीपाळीने चालवायची आहे. गोव्याचं लायसन्स चालेल का?

उत्तर १: नुसतं नाही चालणार. निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, अर्ज सरकारच्या 'परिवहन' वेबसाइटवर. १९४९च्या जिनिव्हा करारानुसारची छापील पुस्तिकाच लागते, मोबाइलवरचा फोटो कोणी बघत नाही. सोबत मूळ लायसन्स आणि पासपोर्ट. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात लगेच बसतो.

उत्तर २: खरी काळजी बर्फाची. बुकिंग करतानाच 'स्टडलेस' (बर्फासाठीचे, खिळे नसलेले) टायर मागून घ्या. साधे टायर घाटात घसरतात, कारण थंडीत त्यांचं रबर कडक होतं. रात्री पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, केबल गोठते. गिअर 'पी'वर (पार्किंग) टाका, चाकाला अडण लावा आणि वायपर उभे करून ठेवा. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवायचीच.

उत्तर ३: शिराकावा-गोला गाडी सेसेरागी पार्किंगला लावून झुलत्या पुलावरून चालत गावात जा. संध्याकाळची रोषणाई बघायची तर आगाऊ बुकिंग हवंच. आणि चालवणारा प्यायला असेल तर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होते, हे मंडळींना आधीच बजावून ठेवा.