मदत हवी आहे: नितळ ओढ्यात नवं सांडपाणी सोडायला परवानगी कशी मिळते?

नमस्कार मंडळी. येऊरच्या डोंगरातून आमच्या सोसायटीमागे येणारा ओढा अजून नितळ आहे, पावसाळ्यात खेकडेही दिसतात. शेजारच्या नव्या प्रकल्पाच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी त्यात सोडणार असं ऐकतोय. जल कायदा १९७४, कलम २५ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वसंमती लागते. या संमतीच्या अटींची मंडळाकडची नोंदवही बाधितांना पाहताही येते. ठाण्यात ती कुणी पाहिली आहे का?

संमती देताना फक्त बाहेर पडणारं पाणी तपासतात, की ओढ्याची आजची स्थितीही? अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा दर्जा घसरणार असेल तर आधी पर्याय तपासून गरज सिद्ध करावी लागते. मला हेच योग्य वाटतं. संमतीआधी हरकत कशी नोंदवायची? पाण्याची तपासणी आत्ताच कुठल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी?