पहाटेच्या विमानासाठी मोटारसायकल विमानतळावर ठेवून जावे का?

सुदामानगरकर:
सर्वांना नमस्कार. कामानिमित्त मला आता दर सोमवारी पहाटेच्या विमानाने पुण्याला जावे लागते आणि शुक्रवारी रात्री उशिरा मी इंदूरला परततो. सोडायला येण्यासाठी वडिलांना दर आठवड्याला भल्या पहाटे उठवणे मनाला पटत नाही. म्हणून फूटी कोठी, गंगवाल, बडा गणपती, कालानीनगर असे मोटारसायकलने जाऊन गाडी चार दिवस तेथील वाहनतळावर ठेवावी, असा विचार आहे. बरोबर एक सॅक आणि कपड्यांची लहान बॅग असेल. असे नियमित करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा.

रामबागवासी:
मी दोन वर्षे असाच प्रवास केला आहे. जाणे सोपे आहे, खरा विचार येण्याचा करावा लागतो, आणि तुमच्या प्रश्नात नेमका तोच भाग आलेला नाही. पहाटे माणूस झोप घेऊन, तोंड धुऊन निघालेला असतो आणि रस्ताही मोकळा असतो. शुक्रवारी रात्री मात्र आठवड्याचा शीण अंगात असतो, विमानातून उतरल्यावर कान दडे बसल्यासारखे असतात, त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा आवाज नीट कळत नाही, आणि घर जवळ आले या भावनेने हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. मी बाहेर आल्यावर आधी चहा घेतो, दहा मिनिटे बसतो, घरी फोन करतो आणि मगच गाडीला किल्ली लावतो. डोळे जड असतील, तर त्या रात्री गाडी तेथेच ठेवून टॅक्सीने घरी जावे. दुसऱ्या दिवशी गाडी आणण्याचा त्रास मी तीनदा घेतला आहे आणि त्याचा मला कधीही पश्चात्ताप झाला नाही.

सामानाविषयी एक घडलेली गोष्ट सांगतो. मी बॅग मागच्या सीटवर हुकाच्या लवचीक दोरीने बांधत असे. कालानीनगरपाशी एका खड्ड्यात हूक निसटला आणि बॅगेचा पट्टा चेनमध्ये ओढला गेला. वेग कमी होता म्हणून मी पडलो नाही, पण पट्टा पार चिंधी झाला होता. तेव्हापासून लोंबणारा प्रत्येक पट्टा मी आधी गुंडाळून आत खोचतो आणि दोन स्वतंत्र दोऱ्या बांधतो. पाठीवरच्या सॅकचे पट्टे थोडे सैल सोडा, म्हणजे तिचा भार खांद्यांवर न येता सीटवर टेकतो.

गॅरेजवाला:
चार दिवसांत चांगली बॅटरी उतरत नाही. मात्र काही गाड्यांत हँडल लॉक करताना किल्ली एक घर पुढे फिरली, तर पार्किंगचा दिवा पेटता राहतो आणि परत आल्यावर सेल्फ उचलत नाही. म्हणून गाडीपासून दोन पावले दूर जाऊन एकदा मागे वळून पाहावे. कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करावा. पाने आणि स्क्रूड्रायव्हर गाडीच्याच डब्यात ठेवावेत, कारण हातातल्या बॅगेत ते सुरक्षा तपासणीत अडतात.

राजेंद्रनगरची ताई:
हेल्मेटविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझे यजमान ते गाडीच्या लॉकला अडकवून जात असत. पावसाळ्यात एकदा ते उलटे लटकले, पाणी साठले, आतले अस्तर भिजून कुबट झाले, आणि त्यांनी रात्री ते न घालताच गाडी घरी आणली. त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही. आता हेल्मेटवर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवून, तोंड खाली करून ते अडकवतात.

सुदामानगरकर:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. परतीचा विचार मी खरोखरच केला नव्हता. वेळेविषयी एक विचारतो: बॅग काउंटरवर द्यायची असेल, तर घरून किती आधी निघावे?

रामबागवासी:
देशांतर्गत विमानांचे काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होते, म्हणून त्याच्याही अर्धा तास आधी गाडी स्टँडवर लागलेली असावी. गाडी लावणे, दोऱ्या सोडणे आणि पावती पाकिटात नीट ठेवणे यात वाटते त्याहून जास्त वेळ जातो. नवरात्रात आणखी लवकर निघा, कारण विमानतळाजवळच्या बिजासन टेकरीवर दर्शनाला जाणाऱ्यांची त्या रस्त्यावर मोठी गर्दी असते. त्यांच्यात मुले आणि म्हातारी माणसेही पायी चालत असतात, तेव्हा तेथे वेग अगदी कमी ठेवा.