मदत हवी आहे : ल्यूपसच्या प्लाझ्मात मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे आकडे जुळत नाहीत

ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, पेशीबाहेरचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा स्वतःचा डीएनए) क्यूपीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत मोजणाऱ्या चाचणीने, मोजतो आहोत. प्रायमर (मोजायचा तुकडा ठरवणारे छोटे डीएनए) एनडी१ या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचे, तुलनेला केंद्रकातलं बी२एम. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी, सेंट्रिफ्यूजमध्ये १६०० जीवर (गुरुत्वाच्या १६०० पट) १० मिनिटं एकदाच फिरवून प्लाझ्मा थेट उणे ८० अंश सेल्सिअसला. एकाच वेळी काढलेल्या दोन नळ्यांत कित्येक पट फरक येतो. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला मोजणीचा आलेख) चोख आहे. काय सुटतंय?

प्रतिसाद १
प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणारे बारीक पेशीकण) तुमच्या नजरेतून सुटताहेत. एकदा फिरवून त्या पुरत्या खाली बसत नाहीत. त्यांना केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया मात्र असतात. गोठवल्यावर त्या फुटतात, एनडी१ चढतं आणि बी२एम जागचं हलत नाही.

नळी बर्फात ठेवू नका, थंडीने प्लेटलेट चेततात. दोन तासांच्या आत पहिली फेरी उरका. लाल पेशींवर बसणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर निदान ५ मिलिमीटर प्लाझ्मा सोडून द्या, उरलेला १६,००० जीवर १० मिनिटं पुन्हा फिरवा आणि तळाचे १०० मायक्रोलिटर घेऊ नका. मगच गोठवा. खात्रीसाठी एकाच नळीतला अर्धा प्लाझ्मा एका फेरीचा, अर्धा दोन फेऱ्यांचा असा शेजारी शेजारी मोजा.

सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) तर नकोच, रक्त गोठताना याच प्लेटलेट आपला माल बाहेर टाकतात. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं दुसरं औषधही नको, ते पीसीआर अडवतं.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर एवढीच, की एनडी१ आणि बी२एमचं गुणोत्तर देऊ नका. ल्यूपसमध्ये केंद्रकाचा डीएनएही प्लाझ्मात वाढतो, त्यामुळे छेदच हलता राहतो. दर मिलिलिटर प्लाझ्मामागे प्रती द्या, आणि काढणीत किती डीएनए हरवला ते कळायला सुरुवातीलाच ठरावीक प्रमाणात लॅम्डा डीएनए (माणसात नसलेला, एका विषाणूचा डीएनए) मिसळा. प्रायमरचा तुकडा १०० बेसच्या आसपास हवा, लांब तुकडे प्लाझ्मात फारसे टिकत नाहीत.

लाल पेशी फुटून गुलाबी झालेला प्लाझ्मा बाद करा. ल्यूपसमध्ये काही लाल पेशी मायटोकॉन्ड्रिया टाकून न देताच रक्तात उतरतात, हे २०२१ साली दाखवलं गेलं. त्या फुटल्या तर तोच गोंधळ.

एवढी काटेकोरी हवीच, कारण हा डीएनए टीएलआर९ आणि सीगॅस-स्टिंग या डीएनए ओळखणाऱ्या दोन्ही वाटांनी इंटरफेरॉन (प्रतिकारशक्ती चेतवणारं प्रथिन) वाढवतो. प्लेटलेटचा आकडा आजाराच्या नावावर चढला तर पुढचा सगळा अर्थच फिरतो.

धागाकर्ता
आभार. एका फेरीनंतर गोठवलेले जुने नमुने आता पुन्हा फिरवले तर चालतील?

प्रतिसाद १
नाही. प्लेटलेट आधीच फुटल्यात, सुटा डीएनए तळाला बसत नाही. ते नमुने सायटोकाइन (प्रतिकार पेशींची संदेश देणारी प्रथिनं) मोजायला वापरायचे तरी तिथेही प्लेटलेटमधून सुटणारे घटक वगळा. या मोजणीला नवे नमुने घ्या.