मातीकामाकडून काळ्या पाषाणाकडे वळताना: आधी दगड की आधी प्रारूप?

मृत्तिका
आजवर माझे सगळे काम माती आणि प्लास्टर यांतच झाले असून आता प्रथमच काळ्या पाषाणात, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये, एक बैठी मूर्ती घडवण्याचे मनात आहे. मातीत कमी पडले तर वर लिंपता येते, दगडात गेले ते गेलेच. तेव्हा प्रारूप पूर्ण ठरवून त्याला साजेसा दगड शोधावा, की दगड पाहून प्रारूप ठरवावे?

टाकीचा घाव
आधी दगड, असे माझे ठाम मत आहे. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूमुळे बेसॉल्टमध्ये पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरतात. अशी पोकळी ऐन नाकावर निघाली, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून दगड हातोडीने ठिकठिकाणी वाजवून पाहावा. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. नंतर त्यावर पाणी ओतून तो सुकू द्यावा. बाकीचा पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही जी बारीक ओली रेघ मागे राहते, तिथे चीर आहे असे समजावे आणि चेहरा, बोटे यांची जागा तिच्यापासून दूर धरावी.

शिल्परसिक
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण मनाजोगता दगड दर वेळी मिळतोच असे नाही. इटलीतील फ्लॉरेन्सच्या ‘डेव्हिड’ या प्रसिद्ध मूर्तीचा संगमरवरी ठोकळा अगोस्तिनो दि दुच्चिओ या शिल्पकाराने १४६४ साली कोरायला घेऊन सोडून दिला होता आणि त्यानंतर तो कित्येक वर्षे तसाच पडून होता. शिल्पकार मिकेलांजेलोने १५०१ मध्ये तोच उंच, पण जाडीला कमी असलेला दगड स्वीकारला आणि १५०४ पर्यंत त्यातून पाच मीटरांहून उंच मूर्ती काढली. समोरून भारदस्त वाटणारी ती आकृती बाजूने पाहिल्यास किती सडपातळ आहे, हे अवश्य पाहावे. दगडाची मर्यादा तिथे डौल होऊन उभी आहे. माझ्या मते मातीचे छोटे प्रारूप जरूर करावे, मात्र हात, मान, मांडी यांचा कल शेवटपर्यंत बदलता येईल इतके ते मोकळे ठेवावे.

टाकीचा घाव
हे मला मान्य आहे. शिवाय बेसॉल्टवर साध्या पोलादी छिन्नीची धार लवकर मरते, त्यामुळे टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची छिन्नी घ्यावी, आणि धूळ छातीत जाऊ नये म्हणून चांगला मुखवटा लावल्याशिवाय कामाला बसू नये.