मदत हवी आहे: हवाई दलाची फ्लाइंग ब्रांच, उणे सव्वाचा चष्मा आणि हातात उरलेला वेळ

पूर्ववारा:

नमस्कार. कुणाला विचारावं हे कळेना, म्हणून इथे लिहिते आहे. थोडं लांबेल.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चमध्ये २१ पूर्ण झाली, म्हणजे आज नोव्हेंबरात २१ वर्षं ८ महिने. मला ॲफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेशपरीक्षा, देऊन फ्लाइंग ब्रांचला, वैमानिकांच्या शाखेला, जायचंय. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हींत ५० टक्क्यांच्या बरीच वर आहे, इंजिनिअरिंगला आतापर्यंत ६० च्या वर, बॅकलॉग एकही नाही. आमच्या कॉलेजला एनसीसीची एअर विंग नव्हती, त्यामुळे तो मार्ग नाही.

अडचण डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा नंबर आहे, दोन वर्षांत बदललेला नाही. फ्लाइंगला उणे नंबरचा चष्मा चालत नाही हे माहीत होतं, म्हणून मी नववीपासून हा विषय मनातच ठेवला होता. मग ॲफकॅटची अधिसूचना शेवटच्या पानापर्यंत वाचली, तेव्हा दिसलं की लेसिक किंवा पीआरके, म्हणजे चष्मा घालवणारं लेझर ऑपरेशन, केलेले उमेदवार सगळ्या शाखांना चालतात, फक्त अटी आहेत. वयाच्या विशीआधी ऑपरेशन झालेलं नको, ऑपरेशनला १२ महिने उलटलेले हवेत, आणि आणखी काही मापं आहेत जी मला नीट समजली नाहीत. ते वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

एका क्लासमध्ये चौकशीला गेले. तिथल्या सरांनी चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आधी ऑपरेशन उरकून ये, मग वर्षाची फी भर, बाकीचं आम्ही बघतो. बाकीचं म्हणजे काय, हे विचारलं तर उत्तर नाही. आई तयार आहे. बाबांना धडधाकट डोळ्यांना हात लावणं पटत नाही. त्यांचं म्हणणं, ग्राउंड ड्यूटीच्या टेक्निकल शाखेला अर्ज कर, तिथे मर्यादेतला चष्मा चालतो, वयही २६ पर्यंत आहे. ते चूक बोलत नाहीयेत. पण मला विमान उडवायचं आहे.

तर ऑपरेशन मे महिन्यात, शेवटची परीक्षा झाल्यावर करावं असं ठरतंय. हे बरोबर आहे का? आणि ऑपरेशन केलं, पैसे घातले, बाबांचं मन मोडलं आणि मग भलत्याच कारणाने बाद झाले तर? ही भीती सगळ्यात मोठी आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालंय, इंग्रजी समजतं पण बोलताना अडखळते, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

चेस्ट नंबर १७:

ताई, थांबा. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एक टेप आणि एक भिंत शोधा.

उंची किती आहे तुमची? फ्लाइंगला किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, मुलींनाही तेवढीच. पण लोक उंची बघतात आणि तिथेच थांबतात. पाठ आणि कंबर भिंतीला पूर्ण टेकवून जमिनीवर बसा, पाय समोर सरळ ताणा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी, ती ९९ ते १२० सेंटिमीटरमध्ये हवी. मांडीची लांबी भिंतीपासून गुडघ्यापर्यंत, जास्तीत जास्त ६४. बसलेली उंची ८१.५ ते ९६. माझ्या बॅचमध्ये एक मुलगा होता, निवड मंडळाची शिफारस झाली, सगळीकडे पेढे वाटून झाले, आणि मेडिकलला पाय ९८ भरले. त्याची उंची १६४ होती.

ही मापं कोणत्याही ऑपरेशनने बदलत नाहीत. म्हणून ती आधी.

तुमच्या तारखांबद्दल रात्री सविस्तर लिहितो, मे महिना मला चुकीचा वाटतोय.

दृष्टिपटल:

मी नेत्रतज्ज्ञ आहे, सैन्याशी संबंध नाही, पण अशा उमेदवारांच्या तपासण्या बऱ्याच केल्या आहेत.

तुम्हाला न समजलेली मापं सांगते. पहिलं, ॲक्सियल लेंग्थ, म्हणजे बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळ्याची लांबी. ती २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उणे नंबरच्या चष्म्यात डोळा बहुधा लांबट असतो, आणि लेसिकने फक्त पुढच्या काचेचा, कॉर्नियाचा, आकार बदलतो. डोळ्याची लांबी तशीच राहते. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं, चष्मा गेला, दिसायला ६/६, तरीही लांबी जास्त असेल तर तुम्ही अपात्रच. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांची ही लांबी ऑपरेशनआधी कुणी मोजलीच नव्हती, आणि ते मला अजूनही सलतं. दोन मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे.

दुसरं, ऑपरेशननंतर कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको. सव्वा नंबरसाठी फार थर काढावा लागत नाही, त्यामुळे मूळ जाडी चांगली असेल तर चिंता नाही. आधीचा नंबर सहापेक्षा जास्त असलेले बाद होतात, तो प्रश्न तुमच्यापुढे नाही. तिसरं, फ्लाइंगसाठी ऑपरेशननंतर नंबर शिल्लक राहता कामा नये. म्हणून नंबर खरोखर स्थिर आहे याची खात्री होईपर्यंत कुठलाही चांगला सर्जन हात लावणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी काही दिवस बंद कराव्या लागतील, किती दिवस ते डॉक्टर सांगतील.

रंगदृष्टीही त्याच फेरीत तपासून घ्या. फ्लाइंगला ती सर्वोच्च श्रेणीची, सीपी-१, लागते आणि तिच्यावर उपाय नाही.

लेसिक की पीआरके हे तुमच्या डोळ्याकडे पाहून सर्जन ठरवतील. कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं, हे त्रास काहींना होतात, बहुतेकांचे काही महिन्यांत ओसरतात. रात्री उड्डाण करायचं आहे, तेव्हा हे मोकळेपणाने विचारा. बाबांना बरोबर न्या. त्यांची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर त्यांना डॉक्टरांकडूनच मिळायला हवं.

चेस्ट नंबर १७:

आता तारखा. कोर्स जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, आणि कोर्स सुरू होताना वय २० ते २४ मध्ये बसावं लागतं. तुमचा जन्म मार्चचा. म्हणजे तुमच्यासाठी शेवटचा कोर्स तुम्ही २३ वर्षं १० महिन्यांच्या असतानाचा जानेवारी. त्याची ॲफकॅट आदल्या फेब्रुवारीत होते. त्याच्या आधीचा कोर्स जुलैचा, त्याची ॲफकॅट येत्या ऑगस्टमध्ये.

मे महिन्यात ऑपरेशन केलंत तर १२ महिने पुढच्या मेमध्ये भरतात. ऑगस्टच्या परीक्षेतून आलेलं मेडिकल त्याआधीच होऊन जाईल. हातात उरते एकच संधी, त्यानंतरच्या फेब्रुवारीची. पण हिवाळी परीक्षा संपल्यावर, डिसेंबर अखेर ऑपरेशन झालं तर पुढच्या डिसेंबरात वर्ष भरतं. ऑगस्टची ॲफकॅट द्या, मुलाखत घेणाऱ्या निवड मंडळाची, एएफएसबीची, तारीख आपल्याला निवडता येते तेव्हा उशिराची घ्या, मेडिकल त्यानंतरच येतं. म्हणजे दोन संधी. पाच महिन्यांच्या फरकाने एकाच्या दोन.

येत्या फेब्रुवारीची लेखी सरावासाठी देऊ शकता, ॲफकॅटच्या प्रयत्नांना मर्यादा नाही. दोन तास, १०० प्रश्न, ३०० गुण, बरोबरला तीन, चुकलं की एक वजा. पण तिच्यावर मुलाखतीला जाऊ नका. का ते सांगतो.

फ्लाइंगवाल्यांना एएफएसबीमध्ये शिफारस झाल्यावर सीपीएसएस द्यावी लागते. संगणकावरची वैमानिक निवड चाचणी, जॉयस्टिक आणि पायाखाली रडर पेडल, म्हणजे विमानाच्या शेपटीचं सुकाणू वळवणारं पेडल. ती आयुष्यात एकदाच. नापास झालं की फ्लाइंगचं दार कायमचं बंद, मग एनडीए, सीडीएस, ॲफकॅट कुठल्याही प्रवेशपरीक्षेतून या. मी त्यात नापास झालो. पाच दिवस चाचण्या झाल्या, शेवटी परीक्षकांच्या बैठकीत, कॉन्फरन्समध्ये, निवडलेल्यांत माझा चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेला क्रमांक, पुकारला, आनंदात रात्रभर आम्ही चार-पाच जण गप्पा मारत बसलो, आणि सकाळी मी जड डोक्याने त्या खुर्चीत बसलो. झोपेमुळेच गेलं असं नाही म्हणत. पण एकदाच मिळणाऱ्या गोष्टीसमोर मी थकून गेलो, हे मला आठ वर्षं झाली तरी विसरता येत नाही. तुम्ही त्या रात्री झोपा, कृपा करून झोपा.

अर्जात ग्राउंड ड्यूटीचे पर्यायही भरले होते आणि गुणवत्ता यादीत नाव लागलं, म्हणून गणवेश मिळाला. तुम्हीही टेक्निकलचा पर्याय भरा. बाबांचंही समाधान होईल.

जुना रोटर:

मी हेलिकॉप्टर उडवत असे, आता निवृत्त आहे. मुली, तुला 'तू' म्हणतो.

ती पायाची मापं लोकांना जाचक वाटतात, त्यामागचं कारण सांगतो. पाय आखूड असेल तर रडरचं पेडल पूर्ण दाबता येत नाही. मांडी लांब असेल तर फायटरमधून इजेक्शन सीटने बाहेर पडताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. तिथे सूट देणं म्हणजे त्या पोरालाच धोक्यात घालणं.

इंग्रजीची काळजी करतेस ती अर्धीच कर. लेखी परीक्षा इंग्रजीत असते, तिच्यासाठी अभ्यास लागतो. बोलण्यात मात्र अस्खलितपणा कुणी मोजत नाही. एएफएसबीत पहिल्या दिवशी चित्र दाखवतात, ३० सेकंद बघायचं, चार मिनिटांत कथा लिहायची आणि मग गटात सांगायची. तिथे बरीच मुलं बाद होतात, कारण सगळेच एकदम बोलतात. अडखळत का होईना, मुद्दा मांडणारी आणि दुसऱ्याचं ऐकून घेणारी मुलगी तिथे उठून दिसते. रोज कुणाशी तरी अर्धा तास इंग्रजीत बोल. वाचून येत नाही ते.

मानसशास्त्रीय चाचण्यांत ६० शब्द येतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद, आणि ६० प्रसंग, त्यांत काय करशील ते अर्ध्या तासात लिहायचं. क्लासमध्ये यांची उत्तरं घोकून घेतात. मला ते मनापासून नापसंत आहे. घोकलेली मुलगी कागदावर एक असते, मैदानात दुसरी आणि मुलाखतीत तिसरी, आणि तिघांचे परीक्षक शेवटी कॉन्फरन्सला एका टेबलाशी बसतात. तुझ्या स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी आठवून ठेव, कुठे पुढाकार घेतलास, कुठे चुकलीस. मुलाखतीत तेच विचारतात.

एक गोष्ट आधीच माहीत असू दे. ॲफकॅटमधून फ्लाइंगला मिळते ती शॉर्ट सर्व्हिस, १४ वर्षांची, वाढत नाही, आणि तिला निवृत्तिवेतन नसतं. २५ वर्षांखालचा उमेदवार अविवाहित असावा लागतो, प्रशिक्षणात लग्न चालत नाही. घरी हे स्पष्ट सांगून ठेव. हैदराबादजवळ डुंडीगलला अकादमीत गेलीस की फायटर, ट्रान्स्पोर्ट की हेलिकॉप्टर हे तिथलं उड्डाण बघून ठरतं, आपल्या आवडीवर नाही. २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग फायटरला गेल्या, तेव्हापासून मुलींना तीनही वाटा खुल्या आहेत. हेलिकॉप्टर मिळालं तर रडू नकोस. पुरात छतावर उभ्या माणसाला वर ओढून घेतल्यावर तो हात सोडत नाही, हे फायटरवाल्याला कधी अनुभवायला मिळत नाही.

दुर्वांकुर:

क्लासची फी भरण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. नाशिकरोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीची तयारी विनामूल्य करून घेतात, राहण्याजेवणासकट. माझी भाची गेली होती. कोणत्या उमेदवारांना घेतात ते कार्यालयात विचारा, कागदपत्रांची यादीही तिथेच मिळते.

पूर्ववारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उशिरा लिहिते आहे, कारण मोजूनच लिहायचं ठरवलं होतं.

उंची १६४.५. भिंतीला टेकून बसले, बाबांनीच टेप धरली. पाय १०१, मांडी ५७, बसलेली उंची ८५. बाबांनी तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा न सांगताच.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. ॲक्सियल लेंग्थ उजव्या डोळ्याची २४.२, डाव्याची २४.३. कॉर्निया ५३८ आणि ५४१. रंगदृष्टीच्या तक्त्यातले सगळे आकडे वाचता आले. बाबांनी पाऊण तास प्रश्न विचारले, वलयांबद्दल, कोरडेपणाबद्दल, दहा वर्षांनी काय होईल याबद्दल. बाहेर आल्यावर त्यांनी अधिसूचना मागितली आणि गाडीत बसून वाचली. रात्री म्हणाले, डिसेंबरची तारीख घेऊ, पण टेक्निकलचा पर्याय भरायचा. भरणार आहे.

चेस्ट नंबर १७ दादा, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. त्या रात्री मी झोपेन.

एकच विचारायचं राहिलं. ऑपरेशनचे कोणते कागद मेडिकलला लागतील?

दृष्टिपटल:

ऑपरेशनची तारीख, प्रकार आणि आधीचा नंबर लिहिलेलं प्रमाणपत्र सर्जनच्या सहीशिक्क्याने घ्या, ऑपरेशनच्या नोंदींची प्रतही मागून घ्या. काल केलेल्या मोजमापांचे छापील कागदही फाइलला लावा. आणि ऑपरेशननंतर डोळे चोळायचे नाहीत, कितीही खाजले तरी.